मागणी आणि पावती

शहापुरातल्या आमच्या जुन्या घरी माडीवर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात आधी आजोबांनी आणि नंतर आप्पांनी घराचे व दुकानाचे कागद सालवार बांधून ठेवलेले आहेत. अगदी तळाशी सांगली संस्थानाच्या वेळचे काही कागद आहेत, कारण शहापूर तेव्हा संस्थानात मोडत असे आणि चार पावलांवरचे बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. त्यांच्यावर मुंबई राज्याचे कागद, १ नोव्हेंबर १९५६ नंतरचे म्हैसूर राज्याचे आणि १९७३ पासूनचे कर्नाटकाचे. घर जागचे हलले नाही, कागदांची भाषा मात्र बदलत गेली. घरपट्टी, पाणीपट्टी, हेस्कॉम या वीज कंपनीचे बिल, दुकानाचा परवाना, यांतला प्रत्येक कागद पूर्ण समजो अथवा न समजो, आमच्या घराने मुदतीच्या आत भरला. मुदत चुकली की दंड होतो आणि दंड झाला की कचेरीच्या खिडकीसमोर उभे राहून नीट न येणाऱ्या भाषेत आपली बाजू मांडावी लागते, ही धास्ती सीमाभागातल्या पुष्कळ मराठी घरांना ठाऊक आहे. आधी पैसे भरावेत आणि मग कागद कोणाकडून तरी वाचून घ्यावा, अशी सवय त्यातूनच लागते.

या पेटीत २०१९ सालच्या गठ्ठ्यात एक कागद असा आहे की जो तिथे असायला नको होता. तो एका ईमेलचा छापील कागद आहे, आणि त्यावर पैसे भरल्याची नोंद माझ्या अक्षरात आहे.

आमचे दुकान साड्यांचे. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत मागांचा आवाज ऐकत मोठी झालेली जी घरे आहेत, त्यांतलेच आमचे एक. २०१२ साली धाकट्या भावाने दुकानाची वेबसाइट तयार केली आणि तिच्या नावात गावाचे तेव्हाचे इंग्रजी स्पेलिंग घातले. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि वेबसाइटचा पत्रव्यवहार माझ्याकडे आला. त्या दिवशी आलेल्या मेलच्या डोक्यावर ‘शेवटची सूचना’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते. खाली आमच्या वेबसाइटचे नाव, आप्पांचे पूर्ण नाव, दुकानाचा गल्लीसकट पत्ता, मुदत संपण्याची तारीख आणि पंचाहत्तर डॉलर ही रक्कम, असे सगळे एका चौकटीत नीट मांडलेले होते. मी तो कागद छापून आप्पांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, तारखेवर बोट ठेवले आणि म्हणाले, “उद्याचीच तारीख आहे की गं. भरून टाक.” मी माझ्या कार्डावरून पैसे भरले.

दोन महिन्यांनी, ज्या कंपनीकडून भावाने मुळात नाव घेतले होते, तिचे स्मरणपत्र आले. रक्कम हजार रुपयांच्या आसपास होती आणि मुदत संपायला अजून महिना होता. तेव्हा मी पेटीतून तो आधीचा कागद काढला आणि प्रथमच शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तळाशी, फिकट करड्या रंगात आणि मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते की हे बिल नाही, शोधयंत्रांत तुमच्या वेबसाइटची नोंद करून देण्याच्या सेवेचा हा प्रस्ताव आहे आणि तो स्वीकारण्याचे तुमच्यावर कोणतेही बंधन नाही. वरची तारीख डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची, मुदत म्हणून छापलेली नव्हती. ती त्या प्रस्तावाची होती. म्हणजे त्यांनी शब्दशः खोटे फारसे काही लिहिलेच नव्हते. मी खोटे वाचले होते, आणि मी तसेच वाचावे अशी त्या कागदाची रचना होती.

या प्रकाराची मुळे ईमेलच्याही आधीच्या कागदी टपालात आहेत. डोमेन नूतनीकरणाच्या बिलासारखी दिसणारी पत्रे पोस्टाने पाठवून लोकांना स्वतःकडे वळवून घेणाऱ्या एका कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००३ मध्ये कारवाई केली होती. २०१४ मध्ये आयकॅन या डोमेन व्यवस्थेच्या जागतिक संस्थेने तशाच तक्रारींनंतर एका रजिस्ट्रारचे, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीचे, काम काही काळ स्थगित केले. तरीही ही पत्रे थांबली नाहीत, कारण हजारांतल्या एकानेही पैसे भरले तरी पाठवणाऱ्याचा खर्च निघतो. त्या हजारांतली एक मी होते.

मला सगळ्यात जास्त फसवले ते आप्पांचे नाव आणि पत्ता अचूक असण्याने. परक्या माणसाला आपला गल्लीनंबर ठाऊक आहे म्हणजे तो कोणत्यातरी दप्तराशी जोडलेला असणार, असे आपले मन आपोआप धरून चालते. खरी गोष्ट अशी होती की डोमेन घेताना आपण दिलेले नाव, पत्ता, फोन आणि ईमेल हे ‘हू इज’ नावाच्या सार्वजनिक नोंदीत वर्षानुवर्षे कोणालाही पाहता येत असे. युरोपचा माहिती संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला आणि आयकॅनने त्याच दिवसापासून खासगी व्यक्तींचे तपशील झाकण्याची व्यवस्था केली. २८ जानेवारी २०२५ पासून तर ‘डॉट कॉम’सारख्या नावांसाठी त्या जुन्या नोंदीची जागा ‘आरडॅप’ या नव्या पद्धतीने घेतली आहे. परंतु २०१२ ते २०१८ या काळात ज्यांनी त्या याद्या उतरवून घेतल्या, त्यांच्याकडे आमचा पत्ता आजही असणार. शिवाय आपल्या वेबसाइटवरच्या ‘संपर्क’ या पानावरचा ईमेल उचलणारी यंत्रे रात्रंदिवस फिरत असतात. त्यामुळे आपले नाव बरोबर लिहिलेले असणे ही आता ओळखीची खूण मानता येत नाही.

आमच्या शेजारी एक कन्नड भाषक मास्तर राहतात. माझ्या लहानपणी कचेरीचा कन्नड कागद आला की आप्पा तो घेऊन त्यांच्या कट्ट्यावर जात. मास्तर कागद वाचत आणि म्हणत, “पावती माडबेकु.” ते ऐकून मी एकदा घरी येऊन सांगितले होते की मास्तर म्हणाले, पावती घ्यायची आहे. आप्पा हसले होते. कन्नडमध्ये ‘पावती’ म्हणजे पैसे भरणे, आणि मराठीत पैसे भरल्यानंतर हाती येतो तो कागद म्हणजे पावती. एकच शब्द एका भिंतीच्या दोन बाजूंना व्यवहाराच्या दोन टोकांना उभा असतो. २०१९ च्या त्या कागदाकडे पाहताना मला ही गोष्ट आठवली. सूचना, प्रस्ताव, मागणी, बिल आणि पावती या पाच निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या पेटीत त्या सगळ्यांना ‘कागद’ हे एकच नाव होते. इंग्रजीत छापलेला, चौकटी आखलेला, तारीख घातलेला कागद आला की तो मागणीच असणार, असे आम्ही गृहीत धरत होतो. मास्तर मात्र कोणताही कागद वाचण्याआधी आप्पांना एक प्रश्न हटकून विचारत, “गेल्या सालची पावती कुठे आहे?” ती पाहिल्याशिवाय ते नवा कागद हातात धरत नसत. हा प्रश्न मी त्या दिवशी स्वतःला विचारला असता, तर गेल्या वर्षीची पावती दुसऱ्याच कंपनीची आहे हे मला अर्ध्या मिनिटात कळले असते.

डोमेन म्हणजे काय हे समजून घ्यायला मी पैसे गमावल्यानंतरच बसले. आपण नाव विकत घेतो असे म्हणतो, पण ते एक ते दहा वर्षांच्या मुदतीने आपल्या नावे नोंदवलेले असते, आणि ती नोंद ज्या रजिस्ट्रारकडे आहे त्याच्याकडेच तिचे नूतनीकरण होते. दुसऱ्या कोणाला ते करायचे तर आधी नाव तिकडे हलवावे लागते, आणि त्यासाठी आपल्या खात्यातला गुप्त संकेत द्यावा लागतो. ‘डॉट कॉम’सारख्या नावांबाबत आयकॅनचा नियम आहे की रजिस्ट्रारने मुदत संपण्याच्या साधारण एक महिना आधी आणि पुन्हा एक आठवडा आधी कळवले पाहिजे, आणि मुदत संपून गेल्यावरही पाच दिवसांच्या आत एकदा कळवले पाहिजे. मुदत उलटल्यावर नाव पुसले गेले तरी पुढचे तीस दिवस ते जास्त पैसे भरून परत मिळवता येते. हे ठाऊक असलेल्या माणसाला ‘उद्या तुमचे नाव कायमचे जाईल’ या वाक्यातला खोटेपणा लगेच दिसतो. मला ते ठाऊक नव्हते, म्हणून मला फक्त ‘उद्या’ एवढेच दिसले.

त्याआधीही एका पत्राने आमच्या घराची झोप उडवली होती. १ नोव्हेंबर २०१४ रोजी राज्यातल्या बारा शहरांची इंग्रजी नावे बदलली आणि त्यांत ‘बेळगाव’चे ‘बेळगावी’ झाले. आमच्या वेबसाइटच्या नावात जुने स्पेलिंग होते, त्यामुळे नावाचे पुढे काय करायचे ही चर्चा घरात चालूच होती. त्याच सुमारास चीनमधून एक अत्यंत सभ्य मेल आला. तुमच्या दुकानाचेच नाव चीनच्या आणि आशियाच्या शेपटीसह, म्हणजे ‘डॉट कॉम’च्या जागी ‘डॉट सीएन’, ‘डॉट एशिया’ लावून, नोंदवण्यासाठी आमच्याकडे एका कंपनीचा अर्ज आला आहे, तुमची हरकत असेल तर सात दिवसांत कळवा, असा त्याचा आशय होता. आप्पांना वाटले की गावाचे नाव सरकारने बदलले, आता दुकानाचेही कोणीतरी घेऊन जाणार. भावाने पुण्याहून फोनवर समजावले की नोंदणी करणाऱ्या कंपनीवर असे कोणाला विचारण्याचे कसलेही बंधन नसते. नाव मोकळे असेल तर जो आधी मागेल त्याला ते मिळते, आणि तो अर्ज करणारा ग्राहक बहुधा अस्तित्वातच नसतो. आपण ‘हरकत आहे’ म्हणून उत्तर दिले की मग तीच शेपटीची नावे चढ्या भावाने आपल्याच गळ्यात मारली जातात. नावावर आपला खरा व्यापारी हक्क असेल, तर दुसऱ्याने वाईट हेतूने नोंदवलेले नाव परत मागण्यासाठी आयकॅनची तक्रार पद्धत १९९९ पासून आहे, आणि ‘डॉट इन’ नावांसाठी भारताची वेगळी आहे. शेवटी आम्ही नव्या स्पेलिंगचे एक नाव घेतले, पण ते गिऱ्हाइके तसे टंकू लागली म्हणून, आणि आमच्याच रजिस्ट्रारकडून.

वेबसाइट गुगलवर पहिल्या क्रमांकावर आणून देतो असे सांगणाऱ्या मेलांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, इतके ते नित्याचे झाले आहेत. तरी एक गोष्ट सांगावीशी वाटते. गुगलनेच वेबसाइट चालवणाऱ्यांसाठी जे मार्गदर्शन लिहून ठेवले आहे, त्यात स्पष्ट म्हटले आहे की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. तुमची वेबसाइट शोधयंत्रांत दिसत नाही, असे सांगणारे मेल खुद्द गुगलच्या पत्त्यावरही येतात, हेही तिथे नोंदवलेले आहे. यांतले काहीजण पैसे घेऊन शेकडो भलत्या ठिकाणी आपल्या वेबसाइटचे दुवे पेरतात. असे विकत घेतलेले दुवे गुगलच्या नियमांविरुद्ध आहेत आणि २०१२ च्या एप्रिलपासून त्यांच्यावर कडक नजर आहे. म्हणजे पैसे देऊन आपणच आपल्या दुकानाचा फलक मागे सरकवून घेतो.

धाक घालणारी पत्रे मला अधिक गंभीर वाटतात. तीन वर्षांपूर्वी आमच्या वेबसाइटच्या संपर्क अर्जातून एक मजकूर आला. लिहिणारी बाई स्वतःला छायाचित्रकार म्हणवत होती. तुम्ही माझी छायाचित्रे परवानगीशिवाय वापरली आहेत, पुरावे या दुव्यावर आहेत, ते उतरवून पाहा आणि छायाचित्रे काढून टाका, अन्यथा कोर्टात खेचीन, असे तिने लिहिले होते. आमच्या साड्यांची छायाचित्रे माझ्या मावसभावाने आमच्याच गच्चीवर काढलेली आहेत, आणि हे मला पक्के ठाऊक होते. तरीही ‘कोर्ट’ हा शब्द वाचल्याबरोबर माझा हात दुव्याकडे गेला. निर्दोष माणसालाही स्वतःचे निर्दोषत्व तपासून पाहावेसे वाटते, आणि या पत्रांची सगळी मदार त्यावर असते. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०२१ मध्ये नेमक्या याच पद्धतीचा तपशील प्रसिद्ध केला होता. वेबसाइटच्या संपर्क अर्जातून धमकी पाठवायची, दुवा गुगलच्याच एका सेवेवरचा द्यायचा म्हणजे संशय येत नाही, आणि पुरावा म्हणून जी फाइल उतरते ती उघडताच संगणकात ‘आइस्ड-आयडी’ नावाचा घातक प्रोग्राम शिरतो. संपर्क अर्जातला मजकूर आपल्याच वेबसाइटकडून आपल्याकडे येतो, म्हणून नको ते मेल अडवणारी गाळणीही त्याला अडवत नाही. मी दुवा उघडला नाही, याचे श्रेय माझ्या शहाणपणाला देता येणार नाही. त्याच वेळी दुकानात गिऱ्हाईक आले आणि मी उठले. परत येऊन पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आले की कोणते छायाचित्र, कोणत्या पानावर, याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. ज्याची वस्तू खरोखर चोरीला गेली आहे, तो आधी वस्तूचे वर्णन करतो.

तुमची वेबसाइट आम्ही फोडली आहे, सगळ्या ग्राहकांची माहिती आमच्या हाती आहे, अमुक इतके बिटकॉइन पाठवा, असेही एक पत्र आले होते. आमच्या वेबसाइटवर ग्राहकांची माहिती साठवलेलीच नाही, कारण आमच्या ऑर्डरी फोनवर येतात आणि वहिनी त्या वहीत लिहितात. त्यामुळे ते पत्र मी शांतपणे वाचू शकले. आपल्याकडे काय आहे आणि काय नाही, हे ज्याला माहीत आहे त्याला अशा पत्राची भीती कमी वाटते.

वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीवर वेबसाइट चालवणाऱ्यांना डिसेंबर २०२३ मध्ये जे पत्र आले, ते मात्र मला सर्वांत कावेबाज वाटते, कारण त्याने दक्ष माणसालाच पकडले. पत्र वर्डप्रेसच्या सुरक्षा पथकाचे असल्याचा देखावा होता. तुमच्या वेबसाइटमध्ये सीव्हीई-२०२३-४५१२४ या क्रमांकाचा गंभीर दोष सापडला आहे, त्यावर उपाय म्हणून हे प्लगइन, म्हणजे वेबसाइटला जोडायचा छोटा प्रोग्राम, तातडीने बसवा, असे त्यात म्हटले होते. प्लगइन बसवले की ते गुपचूप एक नवा प्रशासक तयार करी आणि मागचे दार उघडून देई. दोषांना असे क्रमांक देण्याची पद्धत खरी आहे, आणि खऱ्या पद्धतीचा पोशाख घातलेला खोटा माणूस चटकन ओळखू येत नाही. वर्डप्रेसने त्यावेळी कळवले की त्यांचे सुरक्षा पथक ईमेलने कोणालाही प्लगइन बसवायला सांगत नाही आणि कोणाचाही पासवर्ड मागत नाही. सुधारणा यायच्या त्या वेबसाइटच्या आतल्या फलकावर येतात. पत्रात दिलेल्या वाटेने न जाता, आपण रोज ज्या दाराने आत जातो त्याच दाराने जाऊन तेथे काही सूचना आहे का हे पाहणे, एवढे केले तरी पुरते.

या विषयावर वाचताना एक सल्ला मला सगळीकडे दिसला: इंग्रजी अशुद्ध असेल तर पत्र बनावट समजावे. हा सल्ला आमच्या कामाचा कधीच नव्हता. ज्या घरात मराठी बोलली जाते, कन्नडमध्ये कागद येतात आणि इंग्रजी शाळेत शिकलेली असते, तिथे इंग्रजी पत्रातली चूक पकडणार कोण? उलट वाक्य समजले नाही तर चूक आपलीच असेल, असे आम्ही मानतो आणि मान खाली घालून पैसे भरतो. आता तर यंत्रेच मजकूर लिहून देत असल्यामुळे इंग्रजीच काय, मराठी आणि कन्नडही स्वच्छ असते. त्यामुळे भाषेची परीक्षा सोडून पत्त्याची परीक्षा शिकणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

पत्ता वाचण्याची रीत मी आप्पांना पोस्टाच्या उदाहरणाने समजावली. पाकिटावर आपण आधी नाव लिहितो, मग गल्ली, मग गाव आणि शेवटी पिनकोड. टपाल छाननारा माणूस मात्र शेवटून सुरुवात करतो. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे पिनकोड आला, आणि ५९० दिसले की पाकीट बेळगावच्या गठ्ठ्यात पडते, मग वर कोणाचेही नाव असो. वेबसाइटचा पत्ताही असाच शेवटून वाचायचा असतो. ईमेलमध्ये ‘अ‍ॅट’च्या खुणेनंतरचा आणि दुव्यामध्ये पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या आधीचा भाग घ्यावा, आणि त्यातले शेवटचे टिंब व त्याच्या लगेच डावीकडचा शब्द पाहावा. घर तिथे असते. त्याच्याही डावीकडे कोणी आपल्या बँकेचे किंवा रजिस्ट्रारचे नाव लिहिले असेल, तर ते दुसऱ्याच्या घराच्या दारावर रंगवलेल्या पाटीइतकेच खरे असते. ‘डॉट इन’ नावांत कधीकधी शेवटचे दोन तुकडे मिळून एक शेपटी होते, जसे ‘डॉट को डॉट इन’; तिथे आणखी एक घर डावीकडे सरकावे लागते. याखेरीज अक्षरांची फसवणूक असते. इंग्रजीतला ‘आर’ आणि ‘एन’ जवळ लिहिला की ‘एम’ भासतो, आणि रशियन लिपीतला ‘अ’ इंग्रजी ‘ए’सारखा हुबेहूब दिसतो. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यात गफलत करून परीक्षेत गुण गमावलेल्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

पाठवणाऱ्याचे नाव तर कोणीही काहीही लिहू शकतो. ईमेलची मूळ व्यवस्था १९८२ साली ठरली, तेव्हा पाकिटाच्या मागे प्रेषकाचे नाव खरे आहे की नाही हे तपासण्याची सोय तिच्यात नव्हती. नंतर तीन पडताळण्या जोडल्या गेल्या: एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क. पहिलीत डोमेनचा मालक आपले टपाल कोणत्या सर्व्हरवरून निघते ते जाहीर करतो, दुसरीत पत्रावर मोहोर उमटते, आणि तिसरीत मोहोर जुळली नाही तर पत्राचे काय करायचे ते सांगितलेले असते. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या. जीमेलमध्ये पत्राचे मूळ रूप उघडले की या तिन्हींचा निकाल वाचता येतो. पण ‘उत्तीर्ण’ म्हणजे प्रामाणिक असे नव्हे. भामट्याने स्वतःच्याच डोमेनवरून पाठवलेले पत्रही उत्तीर्ण होते. आपल्या डोमेनला या नोंदी लावून घेण्याचे महत्त्व मात्र मोठे आहे, नाहीतर आपल्या दुकानाच्या नावाने दुसराच कोणी आपल्या गिऱ्हाइकांना पत्रे पाठवील.

गेल्या पावसाळ्यात वहिनींनी जे टाळले, ते इथे नोंदवले पाहिजे. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आमच्या गावात आहे. इथल्या गल्ल्यागल्ल्यांत फौजेत गेलेली माणसे आहेत आणि फौजी माणसाचा शब्द इथे प्रमाण मानला जातो. वेबसाइटवरून ईमेल आला की मी सैन्याधिकारी आहे, नुकतीच बदली झाली आहे, कार्यक्रमासाठी चाळीस साड्या हव्यात. सोबत ओळखपत्राचे छायाचित्र होते. मग फोन आला, बोलणे अदबीचे होते. आमच्याकडे आगाऊ रक्कम देण्याची वेगळी पद्धत आहे, मी पाठवतो तो क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन घाला म्हणजे पैसे तुमच्या खात्यात जमा होतील, असे त्याने सांगितले. वहिनींनी विचारले, “पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?” फोन बंद झाला. यूपीआयमध्ये पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे त्या रोज दुकानात बसल्यामुळे जाणत होत्या. त्या माणसाने आमच्या गावच्या श्रद्धेचा असा वापर करावा, याचा मला आजही संताप येतो.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये, हे मी स्वतः काही दिवस गप्प बसल्यामुळे सांगते. मी बँकेला उशिरा कळवले. कार्ड बदलून मिळाले, पैसे मिळाले नाहीत. आता तक्रारीसाठी १९३० हा फोन क्रमांक आहे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. संगणकाच्या साधनाने दुसऱ्याची बतावणी करून फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

पेटीत आता वेबसाइटसाठी वेगळा गठ्ठा आहे. त्यात रजिस्ट्रारचे नाव, वेबसाइट ज्याच्या संगणकावर ठेवली आहे त्या होस्टिंगवाल्याचे नाव, दोन्हींच्या मुदती आणि दरवेळची पावती आहे. नाव आम्ही एकदम पाच वर्षांसाठी भरून टाकले आहे आणि खात्याला दुहेरी पडताळणी लावली आहे.

मागच्या महिन्यात नूतनीकरणाचा एक मेल स्वच्छ मराठीत आला. आप्पांनी तो छापून मागितला, पेटी उघडायला लावली आणि पावतीवरचे नाव त्या कागदावरच्या नावाशी अक्षर अक्षर लावून पाहिले. मग शिसपेन्सिलीने कागदावर ‘पावती नाही’ असे लिहिले. तेवढ्यात मास्तर कट्ट्यावरून हाक मारत आले. त्यांच्या सुनेने रोटीच्या आणि चटण्यांच्या विक्रीसाठी यंदाच वेबसाइट काढली आहे, आणि त्यांच्या हातात तसाच एक कागद होता, कन्नडमध्ये छापलेला. पावती आजच करायची आहे असे लिहिले आहे, ते म्हणाले. आप्पांनी कागद घेतलाच नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मास्तरांना विचारले, “सुनेने नाव घेतले तेव्हाची पावती कुठे आहे?”

मास्तर क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिले आणि मग ती आणायला घरी गेले.